जॉन विल्किन्स : यादवीत विज्ञानाची मोट बांधणारा माणूस

रॉयल सोसायटी म्हटले की आपल्याला न्यूटन आठवतो, आणि आपल्याकडचे म्हणून रामानुजन. थोडे अधिक वाचलेल्यांना मुंबईचे जहाजबांधणीतले अर्देशिर करसेटजी वाडिया आठवतील. १८४१ साली या सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय. पण ही संस्था मुळात उभी कोणी केली, असे विचारले तर सहसा उत्तर येत नाही. एका माणसाने कोणतीच संस्था उभी राहत नाही हे खरे. तरीही पहिल्या बैठकीला अध्यक्षाच्या खुर्चीवर जो बसला होता आणि त्याआधी पंधरा वर्षे जो या मंडळींना कुठे ना कुठे एकत्र आणत राहिला, त्या जॉन विल्किन्सची ओळख आपल्या सभासदांना करून द्यावी असे बरेच दिवस मनात होते.

त्याच्या नावावर एकही मोठा शोध नाही. पेशाने तो धर्मोपदेशक. पुढे एका कॉलेजचा प्रमुख, शेवटी बिशप. आणि मधल्या काळात, ज्या पक्षाने इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद केला त्या पक्षाच्या पुढाऱ्याचा, म्हणजे ऑलिव्हर क्रॉमवेलचा, सख्खा मेहुणा. राजाचा मुलगा गादीवर परत आला तेव्हा अशा माणसाचे खरे तर दिवस भरायला हवे होते. झाले उलटेच. ते कसे झाले, हाच या लेखाचा विषय.

विल्किन्सचा जन्म १६१४ सालचा, नॉर्दम्प्टनशायर परगण्यातला. वडील ऑक्सफर्डचे सोनार, आईचे वडील जॉन डॉड हे नावाजलेले प्युरिटन धर्मोपदेशक. प्युरिटन म्हणजे चर्चमधले कर्मकांड आणि बिशपांचा थाट नको म्हणणारे लोक. वडील लवकर गेले, आईने दुसरे लग्न केले, आणि त्या लग्नातला सावत्र भाऊ वॉल्टर पोप पुढे खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. शिक्षण ऑक्सफर्डलाच. १६३४ मध्ये एम. ए. होऊन विल्किन्सने धर्मोपदेशकाचा पेशा पत्करला.

१६३८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने एक पुस्तक लिहिले. चंद्र हे पृथ्वीसारखेच डोंगरदऱ्यांचे जग असावे आणि तिथे वस्तीही असू शकेल, असे त्यात मांडले होते. दोन वर्षांनी निघालेल्या आवृत्तीत तर चंद्रावर जायचे वाहन कधीतरी बनेल, असेही त्याने घातले. १६४० मध्येच पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताची बाजू घेणारे दुसरे पुस्तक आले. रोममध्ये गॅलिलिओवर खटला होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. बायबल हा काही खगोलशास्त्राचा ग्रंथ नाही, ते वेगळ्या कामासाठी आहे, असे एका धर्मोपदेशकाने लॅटिनमध्ये नव्हे तर साध्या इंग्रजीत सांगावे, याला धाडसच म्हटले पाहिजे. १६४१ मध्ये तिसरे पुस्तक, गुप्त लिपी आणि दूरवर संदेश पाठवण्याच्या युक्त्यांवर. मुहूर्त अचूक होता, कारण पुढच्याच वर्षी देशात अशा लिपींची सगळ्यांनाच गरज पडली.

ऑगस्ट १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात युद्ध सुरू झाले. कारणे कराची होती, धर्माची होती, आणि राजाने अकरा वर्षे संसद न बोलावता कारभार केला त्याचीही होती. ही लढाई परक्याशी नव्हती. गावे फुटली, घरे फुटली, भाऊ भावासमोर उभा राहिला. लंडन संसदेकडे, तर राजाने आपली राजधानी ऑक्सफर्डला नेली. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे राजाचा वैद्य. तो राजाबरोबर गेला आणि इकडे लंडनमधल्या त्याच्या निवासातली टिपणे संसदेच्या शिपायांनी लुटून नेली. कित्येक वर्षांचे काम एका दुपारी मातीमोल. विद्वानाला राजकारणाशी देणेघेणे नसले तरी राजकारणाला त्याच्याशी असते.

विल्किन्स संसदेच्या बाजूला गेला. लंडनमध्ये तो पॅलॅटिनेटच्या राजपुत्राचा खाजगी धर्मोपदेशक होता. हा राजपुत्र चार्ल्स राजाचा सख्खा भाचा, पण मामाला सोडून संसदेच्या आश्रयाला आलेला. अशा घरात राहून दोन्हीकडच्या लोकांशी बोलायची सवय विल्किन्सला लागली असणार, हा आपला माझा अंदाज.

१६४५ च्या सुमारास लंडनमध्ये काही मंडळी आठवड्यातून एकदा जमू लागली. जमावे ही कल्पना थिओडोर हाक या जर्मन निर्वासिताची. कधी वुड स्ट्रीटवर डॉक्टर जोनाथन गोडार्डच्या बिऱ्हाडी, कारण त्याच्याकडे दुर्बिणीची भिंगे घासणारा कारागीर कामाला होता. कधी चीपसाइडच्या एका खानावळीत, कधी ग्रेशम कॉलेजात. जमणाऱ्यांत विल्किन्स, गणिती जॉन वॉलिस आणि बरेचसे डॉक्टर. दर आठवड्याला प्रत्येकाने प्रयोगांच्या खर्चासाठी थोडी वर्गणी द्यायची, आणि गैरहजर राहिल्यास दंड.

आणखी एक नियम होता. बैठकीत धर्मशास्त्र काढायचे नाही, राज्यकारभार काढायचा नाही, आणि ताज्या बातम्याही काढायच्या नाहीत. बोलायचे ते रक्ताभिसरणावर, गुरूच्या चंद्रांवर, हवेला वजन असते का यावर, इटलीतल्या टॉरिसेलीने पाऱ्याच्या नळीत दाखवलेल्या पोकळीवर.

आपल्याकडेही मंडळाच्या सभेत राजकारण नको, असे आपण म्हणतो आणि चहाच्या वेळी तेच करतो. पण १६४५ ची कल्पना करा. त्या वर्षी नेस्बीच्या रणात राजाचा निर्णायक पराभव झाला. रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय, शेजाऱ्याचा मुलगा कोणत्या बाजूने लढून मेला हे सगळ्यांना ठाऊक, आणि चुकीच्या माणसासमोर चुकीचे बोलले तर नोकरी जाण्याची भीती. त्या वेळी आठवड्यातले दोन-तीन तास ज्या विषयांनी माणसे एकमेकांचा गळा धरत होती ते विषय दाराबाहेर ठेवायचे, हे सोपे नव्हते. मला तर वाटते की आधुनिक विज्ञानाची शिस्त म्हणजे नुसते प्रयोग नव्हेत, ती या नियमातही आहे. नळीतला पारा किती उंच चढला हे बघायला माणूस राजाचा की संसदेचा, हे विचारावे लागत नाही.

१६४६ च्या जूनमध्ये ऑक्सफर्ड पडले. संसदेने विद्यापीठाची साफसफाई काढली. राजनिष्ठ प्राध्यापकांना आणि कॉलेजप्रमुखांना काढून आपली माणसे बसवायला सुरुवात झाली. १६४८ मध्ये वॅडम कॉलेजच्या प्रमुखालाही असेच घालवले आणि त्या जागी विल्किन्सला नेमले. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. दुसऱ्याची खुर्ची सक्तीने रिकामी झाली म्हणून त्याला ती मिळाली. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

पण त्या खुर्चीवर बसून त्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. राजाच्या बाजूची घराणी हादरलेली, आपल्या मुलांना शिकायला कुठे पाठवावे या विवंचनेत. त्यातल्या अनेकांनी ती पाठवली वॅडमला, क्रॉमवेलच्या माणसाने चालवलेल्या कॉलेजात. कारण विल्किन्स मुलांना छळणार नाही असा विश्वास त्यांना होता. त्यांतलाच एक क्रिस्टोफर रेन. त्याचे वडील विंडसरचे डीन, कट्टर राजनिष्ठ. काका मॅथ्यू रेन हे इलीचे बिशप, जे तेव्हा संसदेच्या कैदेत लंडनच्या टॉवरमध्ये होते आणि एकूण अठरा वर्षे तिथेच राहिले. अशा घरातला हा पोरगा विल्किन्सचा लाडका विद्यार्थी झाला.

दुसरा सेथ वॉर्ड. केंब्रिजमध्ये संसदेच्या बाजूची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्याला तिथून घालवले होते. तो ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि वॅडममध्ये राहायला आला. त्याच सुमारास भूमितीचा प्राध्यापक म्हणून आला जॉन वॉलिस. युद्धात शत्रूची पकडलेली सांकेतिक पत्रे संसदेला उलगडून देणारा हाच वॉलिस. म्हणजे एकाने तत्त्वासाठी नोकरी सोडलेली, आणि दुसऱ्याने त्या तत्त्ववाल्यांचीच पत्रे फोडलेली. हे दोघे आता विल्किन्सच्या खोलीत आठवड्याच्या बैठकीला शेजारी शेजारी बसू लागले.

ऑक्सफर्डची ही बैठक आधी विल्यम पेटीच्या बिऱ्हाडी भरत असे. पेटी एका औषधविक्याच्या घरात राहत होता, त्यामुळे लागतील ती द्रव्ये तिथेच मिळत. याच पेटीची एक हकीकत तेव्हा देशभर गाजली. डिसेंबर १६५० मध्ये अॅन ग्रीन नावाच्या मोलकरणीला अर्भकहत्येच्या आरोपावरून ऑक्सफर्डमध्ये फाशी दिले गेले. मृतदेह शवविच्छेदनासाठी पेटीकडे आला. पेटी उघडून पाहतात तो घशात घरघर. पेटी, थॉमस विलिस आणि सोबतच्या डॉक्टरांनी तिच्या हातापायांना चोळले, गरम पेय पाजले, ऊब दिली, आणि ती उठून बसली. पुढे तिला माफी मिळाली, तिचे लग्न झाले, मुले झाली. यातला विलिस राजाच्या फौजेत राहिलेला आणि पेटी संसदेच्या मर्जीतला. त्या दिवशी दोघांच्या हाताखाली एक गरीब बाई होती, एवढेच.

पेटी आयर्लंडला गेल्यावर बैठका वॅडममध्ये विल्किन्सच्या निवासात भरू लागल्या. या निवासाचे वर्णन रोजनिशीकार जॉन इव्हलिनने करून ठेवले आहे. तो १६५४ च्या जुलैमध्ये आला होता आणि तो स्वतः राजनिष्ठ. विल्किन्सने बागेत काचेच्या भिंतींची मधमाश्यांची पोळी ठेवली होती, इमल्यावर इमले चढवलेली, म्हणजे माश्यांना न मारता मध काढता यावा आणि त्यांचे काम बघताही यावे. एक पोकळ पुतळा होता. त्याच्या आतून लांब नळी काढलेली, दूरवरून कुणी बोलले की पुतळाच बोलतो असे वाटे. शिवाय सूर्यतबकड्या, लोहचुंबक, तापमापक आणि नाना यंत्रे. त्यातली बरीच तरुण रेनच्या हातची होती. परत जाताना इव्हलिनला एक पोळे भेट मिळाले. पाहुण्याचा पक्ष कोणता हे विचारले गेले नाही.

रॉबर्ट हुक हा गरीब, किरकोळ प्रकृतीचा विद्यार्थी याच काळात विल्किन्सच्या नजरेत भरला. विल्किन्सने त्याला यंत्रशास्त्रावरचे आपले पुस्तक दिले, आणि हुक उडत्या यंत्रांचे नमुने करत बसला. रॉबर्ट बॉइल हा धनाढ्य सरदारपुत्रही १६५५-५६ च्या सुमारास ऑक्सफर्डला राहायला आला, आणि पुढे हुकने त्याला हवा उपसण्याचा पंप बनवून दिला. बॉइलचा नियम आपण शाळेत शिकलो तो याच पंपाच्या मागोमाग आला.

१६५६ मध्ये विल्किन्सचे लग्न झाले. वधू रॉबिना फ्रेंच, क्रॉमवेलची धाकटी बहीण, विधवा. कॉलेजच्या नियमानुसार प्रमुखाने अविवाहित राहायचे असे, पण त्याला तशी खास सवलत मिळाली होती. मेहुणा देशाचा सर्वाधिकारी असल्यावर नियम वाकतात, ते तेव्हाही वाकत होते. या लग्नाने विल्किन्सला संधिसाधू म्हणायला लोकांना आयते कारण मिळाले. त्यांचेही चूक म्हणता येणार नाही. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे आपण नोकरीत भरपूर पाहिले आहेत. फक्त अशा माणसांचा वशिला सहसा स्वतःच्या बढतीपुरता असतो. विल्किन्सने आपला वशिला विद्यापीठे वाचवायलाही वापरला. त्या काळी काही जहाल लोक विद्यापीठे निरुपयोगी आहेत, बंद करा असे म्हणत होते. त्यांना १६५४ मध्ये छापील उत्तर दिले ते वॉर्डने, आणि त्याला प्रस्तावना लिहिली विल्किन्सने.

१६५८ मध्ये क्रॉमवेल वारला. त्याच्या मुलाने, रिचर्डने, विल्किन्सला १६५९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख केले. पण रिचर्डला कारभार झेपला नाही. लंडनमध्ये ग्रेशम कॉलेजात शिपायांनी तळ ठोकला आणि तिथल्या बैठका थांबल्या. मे १६६० मध्ये दुसरा चार्ल्स राजा म्हणून परतला. ट्रिनिटीची जागा गेली. बारा वर्षांपूर्वी वॅडममध्ये जे दुसऱ्याचे झाले तेच आता त्याचे झाले. शेहेचाळीसाव्या वर्षी हा माणूस लंडनमध्ये प्रवचनाच्या नोकऱ्या शोधत होता.

आणि त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १६६० ला, ग्रेशम कॉलेजात रेनचे खगोलशास्त्रावरचे व्याख्यान झाल्यावर बारा जण मागे थांबले. नियमित संस्था काढायची असे त्यांनी ठरवले. बारा जण कोण, हे बघितले तर मौज वाटते. सर रॉबर्ट मोरे आणि लॉर्ड ब्रूंकर राजाच्या बाजूचे. गोडार्ड क्रॉमवेलच्या मोहिमांतला डॉक्टर. पेटीने क्रॉमवेलच्या राजवटीसाठी आयर्लंडच्या जप्त जमिनी मोजून दिलेल्या. बॉइल, रेन होतेच. सत्ता राजाची, तरी खुर्चीवर बसवला तो क्रॉमवेलचा मेहुणा. प्रवेश फी दहा शिलिंग, पुढे दर आठवड्याला एक शिलिंग, आला तरी आणि नाही आला तरी. आठवड्याभरात मोरेने बातमी आणली की राजाची याला पसंती आहे.

१५ जुलै १६६२ ला राजाने सनद दिली आणि रॉयल सोसायटी रीतसर जन्मली. अध्यक्ष ब्रूंकर. सचिव दोन, त्यातला एक विल्किन्स आणि दुसरा हेन्री ओल्डेनबर्ग. ओल्डेनबर्गने १६६५ पासून सोसायटीतल्या घडामोडींचे नियतकालिक काढले, ते आजही निघते. हुकला दर आठवड्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमले. कुणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य घेतले गेले. राजाने सनद दिली, पुढच्या वर्षी चांदीचा राजदंड दिला, पैसा दिला नाही. उलट ही मंडळी बसून हवेचे वजन करतात म्हणून तो खदाखदा हसत असे. (याच राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण मिळाली होती, आणि तीही त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. खर्चिक माणसाचा ताळेबंद असाच असतो.) सोसायटी चालायची ती वर्गणीवर, आणि वर्गणीची थकबाकी ही पहिल्या दशकातली कायमची डोकेदुखी होती. मोठमोठ्या उमरावांची नावे यादीत झळकायची आणि शिलिंग मात्र यायचे नाहीत. संस्थेचे हिशेब ज्यांनी सांभाळले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

विल्किन्सला लंडनमध्ये सेंट लॉरेन्स ज्यूरी या चर्चची जागा मिळाली होती. १६६५ च्या प्लेगमध्ये तो, पेटी आणि हुक शहराबाहेर एप्समजवळ एका वाड्यात राहून रथांची नवी रचना, जहाजांचे दोर-शिडे असल्या गोष्टींवर प्रयोग करत बसले. इव्हलिन तिथेही डोकावला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनची मोठी आग लागली. इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. आगीत विल्किन्सचे चर्च गेले, घर गेले, पुस्तके गेली, आणि त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखितही गेले.

तो ग्रंथ त्याने पुन्हा उभा केला आणि १६६८ मध्ये छापला. विषय अजब होता. जगातल्या सगळ्या वस्तू आणि कल्पना चाळीस वर्गांत मांडायच्या, त्यांचे पोटभेद करायचे, आणि त्या कोष्टकावरून अशी एक भाषा आणि लिपी बनवायची की शब्द पाहताच वस्तू कोणत्या खात्यातली आहे ते कळावे. लॅटिन सगळ्यांना येत नाही, आणि धर्माची अर्धी भांडणे शब्दांच्या घोळातून होतात, तेव्हा शब्दच निःसंदिग्ध करा, असा त्याचा विचार. वनस्पतींची कोष्टके त्याने जॉन रे या निसर्गशास्त्रज्ञाकडून करून घेतली, पण निसर्ग असा सारख्या रकान्यांत बसत नाही अशी रेची कुरकुर होती, आणि ती रास्तच होती. भाषा काही चालली नाही. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला त्यातली दोन प्रकरणे मात्र आवडतात. एक नोहाच्या नौकेचे. सगळे प्राणी मावतील का, याचा हिशेब करताना मांसाहारी प्राण्यांच्या वर्षभराच्या खाण्यासाठी त्याने १८२५ मेंढ्या धरल्या आहेत, दिवसाला पाच. दुसरे मोजमापाचे. सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून एकच एक माप ठरवावे आणि पुढची सगळी मापे दहाच्या पटीत करावीत, असे त्याने सुचवले. फ्रान्समध्ये मीटर येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी.

१६६८ मध्येच तो चेस्टरचा बिशप झाला. वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना तो नको होता, त्याचे जुने संबंध कुणी विसरले नव्हते, पण दरबारातल्या ओळखी कामी आल्या. बिशप झाल्यावर प्युरिटनांना चर्चमध्ये परत सामावून घ्यायची खटपट त्याने केली, ती संसदेत फसली. मग १६७० मध्ये त्यांच्या खाजगी प्रार्थनासभांवर कडक दंड बसवणारा कायदा आला. राजाची इच्छा होती की विल्किन्सने निदान गप्प बसावे. तो गप्प बसला नाही, विरोधात बोलला आणि विरोधात मत दिले. आयुष्यभर कोणत्याही सत्तेशी उघड भांडण न केलेला हा माणूस इथे उभा राहिला. त्याला संधिसाधू ठरवताना ही नोंद जमेच्या बाजूला धरावी लागते. याच कायद्याच्या बाजूने त्याचा वॅडममधला जुना सोबती सेथ वॉर्ड होता. वॉर्ड आता सॅलिसबरीचा बिशप होता आणि प्रार्थनासभा मोडून काढण्यात पुढे. एकेकाळी स्वतः शपथेपायी नोकरी गमावलेला. बैठकीच्या दाराबाहेर ठेवलेले विषय कुठेही जात नाहीत, बाहेर वाट बघत असतात.

विल्किन्स १९ नोव्हेंबर १६७२ ला लंडनमध्ये वारला, मूत्र अडून. रॉबिनाच्या पहिल्या लग्नाची मुलगी जॉन टिलट्सन या धर्मोपदेशकाला दिली होती, त्या जावयाच्या घरी त्याने शेवटचे दिवस काढले. मृत्युपत्रात रॉयल सोसायटीला ४०० पौंड ठेवले होते. ज्या संस्थेची वर्गणी उमराव बुडवत होते तिला ही रक्कम लहान नव्हती. दफन सेंट लॉरेन्स ज्यूरीतच झाले. आगीत जळालेल्या त्या चर्चचे बांधकाम तेव्हा चालू होते, आणि त्याचा आराखडा होता क्रिस्टोफर रेनचा.